सासरे नायिका असताना

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी स्थळाची रीतसर चौकशी केली. मुलगा सरकारी कचेरीत, घर बंगळुरात चामराजपेटेत स्वतःचं, सासू शांत, सासरे चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात विक्रीला. सगळं सांगून झाल्यावर मध्यस्थ खाकरला आणि म्हणाला, "आणि सासरे दर वर्षी नाटकात काम करतात." वडील म्हणाले, "असू दे, हौस असते एकेकाला." काय काम करतात ते कुणी विचारलं नाही. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यात मी हॉलमध्ये जाऊन बसले, पडदा वर गेला, आणि माझे सासरे हिरवं लुगडं नेसून, नाकात माझ्या सासूची चापाची नथ अडकवून, सख्यांबरोबर फुलं वेचत आत आले.

मी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "नथ सरळ बसलीय का गं? मला इथून दिसत नाही."

मी बेळगावची. मराठी आणि कानडी दोन्ही बोलत वाढले, पण आमच्याकडे त्या दोन डब्यांत ठेवलेल्या असत. इथं सगळं एकाच डब्यात. जरा सरकला "स्वल्प सरक," बरं वाढला "सरी, वाढ आता." माझ्या सासरचे लोक कधी काळी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरात आले आणि परत जायचं राहूनच गेलं. बाहेर कानडी, कचेरीत इंग्रजी, आणि मराठी उंबरठ्याच्या आत. उंबरठ्याबाहेर ती वर्षातून एकदाच पडायची, या नाटकात. सासऱ्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, मीही म्हणू लागले. सासूबाई अक्का.

आमच्या लोकांच्या नाट्यमंडळाकडे नाटक एकच होतं. कुणाच्या तरी आजोबांनी लिहिलेलं. एक गढीचा सरदार असतो, तो शत्रूशी तह करतो आणि तहात आपली मुलगी शत्रूच्या घरी देतो. शेवटच्या प्रवेशात ती निघते. झालं नाटक. भाषा मराठी, पण वही उतरवलेली कानडी अक्षरांत, कारण बहुतेक नटांना शाळेत तीच अक्षरं शिकवली होती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना ते इतकं पाठ होतं की नट चुकला की तिकडून "अय्यो" असा आवाज यायचा, आणि नट मान खाली घालून वाक्य पहिल्यापासून म्हणायचा.

अण्णा नट होते आणि दिग्दर्शकही तेच. पन्नाशी उलटलेला, थोडं पोट सुटलेला माणूस. पण खरं सांगते, त्या पहिल्या वर्षी शेवटच्या प्रवेशात मी रडले. मला माझाच राग आला. सकाळी मी दिलेली कॉफी ज्यांनी पाणचट म्हणून परत पाठवली होती, त्यांच्यासाठी मी पदर भिजवत होते!

तो प्रवेश असा. मुलगी निघालेली असते, बाप दारात असतो. ती म्हणते, "आबासाहेब, मला निरोप देऊ नका. आशीर्वादही नको. तुम्ही फक्त..." आणि थांबते. अण्णा तिथं इतके थांबत की माणसांना खोकला आला तरी तो दाबून धरत. मग हळूच, "तुम्ही फक्त दारात उभे राहा. मी वळून बघेन तेव्हा दार रिकामं दिसू नये." बाप म्हणतो, "जा पोरी. मी दारात आहे." ती चालत जाते, टोकाला पोचल्यावर एकदा वळून बघते, आणि पडदा.

दुकानातही त्यांचं काम फार वेगळं नव्हतं. चिकपेटेत गिऱ्हाईक बाई खाली बसते आणि विक्री करणारा पुरुष गादीवर उभा राहून साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतो. इतर विक्रेते खांद्यावर पदर टाकत आणि खांबासारखे उभे राहत. अण्णा निऱ्या घेत, पदर काढत, एक पाऊल पुढे टाकून मान किंचित वळवत. बायका म्हणत, "हीच द्या." घरी नेसल्यावर ती तशी दिसायची नाही, पण तो काही अण्णांचा दोष नव्हता.

माझ्या लग्नाला काही वर्षं झाली आणि मंडळाच्या कमिटीत तरुण पोरं आली. ती एका रविवारी आमच्या घरी आली, कॉफी प्याली, अक्कांच्या चकल्या संपवल्या, आणि तोंडात काही उरलं नाही तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, "अण्णा, काळ बदललाय."

"बदलू दे की. मी कुठं धरून ठेवलाय?"

"म्हणजे कानडी नाटकांत आता खऱ्याच बायका काम करतात. आपणच तेवढे मागे."

अण्णांनी चकलीचं ताट बाजूला ठेवलं. "मग आणा खरी बाई."

आता घोडं अडलं. कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी बहीण होती, बायको होती, आणि प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता. काळ बदलला होता, पण आपल्या घराच्या पुढच्या दारापर्यंतच. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, "माझी सून करील."

माझ्या हातून उलथनं पडलं. "अगं बाई! मला कुणी विचारलं?"

"विचारतील," अक्का शेंगा सोलत म्हणाल्या. "आधी ठरवतात, मग विचारतात. माझ्या लग्नातही असंच झालं."

आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अण्णा म्हणतात तर कर." ह्यांचं सगळ्या बाबतीत हेच उत्तर. शेवटी मी अण्णांनाच विचारलं, मीच का म्हणून. ते म्हणाले, "बाहेरची बाई आणली तर ती मध्येच निघून जाईल. तू कुठं जाणार?"

दुसऱ्या दिवसापासून माजघरात तालीम सुरू झाली. मी विहिरीवरून पाणी आणून घागर ठेवली आणि चालत त्यांच्यापुढे गेले. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, बाईसारखी चाल!"

"मी बाईच आहे, अण्णा."

"ते घरी. इथं बाई दिसायला पाहिजेस."

मग त्यांनी धोतराचा सोगा पदरासारखा घेऊन मला चालून दाखवलं. कसं बसायचं, उठताना निऱ्या कुठल्या हाताने धरायच्या, रडताना खांदे का हलवायचे नाहीत, सगळं. बोलताना मान वर करायची नाही, आधी डोळे वर करायचे. मी चुकले की ते स्वतः करून दाखवत आणि करता करता विसरून पुढचा अख्खा प्रवेश करून टाकत. मी उभी राहून बघत असे. भाजी करपे. अक्का एकदा म्हणाल्या, "मलाही नवी नवरी असताना शिकवत होते. मी म्हटलं, एका घरात एक बाई पुरे."

त्या थांबण्याच्या जागेवर मात्र त्यांनी मला सर्वांत जास्त छळलं. "तुम्ही फक्त..." म्हणायचं आणि थांबायचं. मी थांबे आणि ते ओरडत, "लवकर बोललीस!" मी आणखी थांबे. "लवकर बोललीस!" मग स्वतः करून दाखवत, आणि त्या थांबण्यात त्यांचा चेहरा असा होई की मी तालीम विसरून बघत राही. त्या माणसाला ते सोडायचं नव्हतं. मला ते दिसत होतं, अक्कांनाही दिसत होतं.

आता शालीचं सांगते. आमच्या मंडळात नटाला शाल दिली की तो संपला. शाल, नारळ, दोन शब्द, टाळ्या, आणि पुढच्या वर्षीपासून पहिल्या रांगेत खुर्ची. तसा लेखी नियम नव्हता, पण शाल घेऊन पुन्हा रंगमंचावर चढलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. अण्णा त्या शालीला जितके घाबरत तितके डॉक्टरलाही घाबरत नसत.

आणि मेला तो सेक्रेटरी शाल घ्यायला गेला कुठं, तर अण्णांच्याच दुकानात! अण्णांनी शाली काढल्या, एकेक खांद्यावर घेऊन दाखवली. विचारलं, "कुणाला द्यायचीय?"

"आहेत एक ज्येष्ठ कलाकार."

"रंग कसा आहे त्यांचा?"

सेक्रेटरी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "साधारण तुमच्यासारखा."

"मग पिवळी नको. हिरवी न्या."

त्याने पिवळीच नेली. अण्णांनी जेवताना आम्हाला हे सगळं सांगितलं, भातात सार कालवत, दुकानातल्या इतर गोष्टी सांगावं तसं. मग म्हणाले, "आज मी माझीच शाल विकली." ह्यांनी मीठ मागितलं.

पण नशिबाने त्याच महिन्यात सरदाराचं काम करणारे गृहस्थ बदली होऊन हुबळीला गेले. अण्णा तडक कमिटीकडे गेले आणि म्हणाले, बाप मी करतो. सेक्रेटरी चाचरला. "जमेल का अण्णा?"

"मी पुरुषच आहे."

"ते आहेच हो. पण स्टेजवर?"

शेवटी असं ठरलं की अण्णांना यंदा सरदार करू द्यायचा. जमलं तर शाल कपाटात राहील, पुढच्या वर्षीही अण्णाच सरदार. नाही जमलं तर पडदा पडल्यावर लगेच सत्कार. हे सगळ्यांना माहीत होतं, प्रॉम्प्टरला माहीत होतं, दूधवाल्यालाही माहीत होतं. त्या प्रयोगावर अण्णांचं सगळं अवलंबून होतं.

मग पन्नाशी उलटलेला माणूस पुरुष कसा असतो ते शिकायला लागला. दुकानात बसून ते मालकाला न्याहाळत. मालक बसताना गुडघे कसे फाकवतो, जांभई देताना तोंडावर हात का धरत नाही. मालकाला वाटलं, यांना पगारवाढ मागायचीय. मी म्हटलं, "ह्यांना बघा ना, घरातच आहेत." अण्णांनी स्वतःच्या मुलाकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "उपयोग नाही. तो माझ्यावर गेलाय."

आवाज कमावायला आम्ही बनशंकरीला जायचो. तेव्हा तिकडं देऊळ आणि भोवती मोकळं माळरान, बाकी काही नाही. देवीचं दर्शन घेऊन आम्ही पलीकडच्या खडकांपाशी जायचो आणि अण्णा तिथं उभे राहून गर्जना करायचे, "कोण आहे रे तिकडे!" पहिले दोन शब्द सरदाराचे यायचे. "तिकडे"पर्यंत मुलगी परत आलेली असायची. एकदा एक गुराखी खरंच विचारायला आला, काय हवंय म्हणून. अण्णा त्याला म्हणाले, "काही नाही, मी स्वल्प रागावून बघत होतो." तो गुरं घेऊन दूर निघून गेला.

परत येताना बसमध्ये ते तिकीट बोटाभोवती गुंडाळत होते. मध्येच म्हणाले, "रागावता येत नाही मला. तीस वर्षं नायिका केली, तिला कधी रागवायची वेळच आली नाही." मी म्हटलं, "होईल, अण्णा." मला वाटत नव्हतं होईल असं. पण काय बोलणार?

प्रयोगाच्या संध्याकाळी अक्कांनी ती नथ पहिल्यांदा माझ्या नाकाला लावली. अण्णा शेजारी मिशा चिकटवून घेत होते. त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं, उठून आले, माझ्या लुगड्याच्या निऱ्या मोडून पुन्हा घातल्या आणि परत जाऊन मिशांखाली बसले. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले एक पाहुणे होते. त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर सेक्रेटरी, आणि त्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं पुडकं.

पहिले अंक निभावले. सरदार जरा लाजाळू वाटला, दरबारात बसताना त्याने एकदा नसलेल्या निऱ्या सावरल्या, पण "अय्यो" काही आलं नाही. मी विंगेत देवाला म्हटलं, एवढा एक प्रवेश.

शेवटचा प्रवेश. अण्णा दारात, मी पुढे. मी म्हटलं, "आबासाहेब, मला निरोप देऊ नका. आशीर्वादही नको. तुम्ही फक्त..."

आणि थांबले. त्यांनी शिकवलं होतं तशी थांबले. लवकर बोलायचं नाही, लवकर बोलायचं नाही. इतके महिने शिव्या खाऊन शिकलेलं ते थांबणं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर जमलं. हॉल गप्प झाला. मी डोळे वर केले, आणि समोरून, त्या झुपकेदार मिशांखालून, हळूच आवाज आला:

"तुम्ही फक्त दारात उभे राहा. मी वळून बघेन तेव्हा दार रिकामं दिसू नये."

तो आवाज अण्णांचा नव्हता. तिचा होता.

विंगेत प्रॉम्प्टर वहीची पानं उलटायला लागला, ती मला ऐकू येत होती. अण्णांना काय झालं ते कळलं. त्यांचे डोळे असे भेदरले की मला तो चेहरा अजून दिसतो. आता काहीही झालं तरी शाल ठरलेली, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला कमिटीचा राग आला, त्या पुडक्याचा राग आला, आणि त्या माणसाची इतकी माया आली, की माझ्या बापासाठीही मला कधी तसं वाटलं नव्हतं. मी दाराकडे गेले. त्यांना हलकेच बाजूला केलं, त्यांच्या जागी उभी राहिले आणि म्हटलं, "जा पोरी. मी दारात आहे."

"अय्यो" आलं नाही. कुणी खोकलंही नाही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग सरदाराचा शेला खांद्यावरून डोक्यावर ओढून घेतला, त्याचं टोक हातात धरलं, आणि चालत निघाले. मिशा, तुमान, कमरेला तलवार, आणि तिची चाल. टोकाला पोचले, वळले आणि बघितलं. मी दारात होते. पडदा पडला.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदरात नाकं शिंकरत होत्या, ते पडद्याआड ऐकू आलं. टाळ्या मागाहून आल्या. अण्णा विंगेत स्टुलावर बसून मिशा सोडवत होते. मला म्हणाले, "चुकलं."

मी म्हटलं, "हो."

"थांबलीस मात्र नीट."

अध्यक्ष आणि सेक्रेटरी पुडकं पाठीमागे लपवून दारात घुटमळत होते. अण्णाच म्हणाले, "आणा हो ती शाल. किती वेळ हातात धरणार?" त्यांनी कागद सोडला. अण्णांनी शाल बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "मी हिरवी न्या म्हणालो होतो."

सत्काराच्या वेळी पुण्याचे पाहुणे दोन शब्द बोलले. म्हणाले, नाटकाच्या शेवटी बाप आणि लेक एकमेकांची वाक्यं बोलतात, ही लेखकाची कल्पना आपल्याला फार आवडली. आणि नायिकेचं काम करणाऱ्या तरुणाचं त्यांनी विशेष कौतुक केलं, की पुरुष असून चाल, बसणं, मान, सगळं असं हुबेहूब, की क्षणभर खरीच बाई वाटावी. ह्यांनी पडेल चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. कमिटीतल्या पोरांना जमीन फाटून आत जावंसं झालं. अण्णा मात्र पिवळी शाल सावरत असे बसले होते जणू आजच त्यांचं लग्न झालंय.

त्यानंतर ते स्टेजवर चढले नाहीत. दुकानातही हळूहळू पाय दुखतात म्हणून बसून विक्री करू लागले, आणि बसून साडी विकली जात नाही, म्हणून एक दिवस घरीच राहिले. मी दर वर्षी नायिका करत राहिले. सरदार बदलत गेले. अण्णा पहिल्या रांगेत, त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत, ती न शोभणारी शाल घेऊन बसत. मी "तुम्ही फक्त..." म्हणून थांबले की खालून त्यांचा बारीक आवाज येई, मला एकटीलाच ऐकू येईल असा, "दारात उभे राहा." मग मी बोलत असे. तालमीत कधी आम्ही हे ठरवलं नव्हतं.

सन साठ-बासष्टच्या सुमाराला अण्णा गेले. त्या वर्षी नाटक करायचं की नाही यावर कमिटीत चर्चा झाली. अक्का म्हणाल्या, "करा. नथ मी पुसून ठेवलीय."

केलं. खुर्ची तिथंच होती, सवयीने कुणी हलवली नव्हती आणि कुणी बसलंही नव्हतं. शेवटचा प्रवेश आला. मी म्हटलं, "आबासाहेब, मला निरोप देऊ नका. आशीर्वादही नको. तुम्ही फक्त..." आणि थांबले. थांबले, आणि थांबूनच राहिले. पहिल्या रांगेतून काही आलं नाही. प्रॉम्प्टर घाबरला आणि त्याने पुढची ओळ दिली, आधी हळू, मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मला ओळ पाठ होती.